मदत हवी आहे: वृद्ध आणि दिव्यांगांसाठी घरात बदल करणाऱ्या कारागिरांचं प्रशिक्षण (वडोदरा)

बाबाजीपुरा_ओटा

नमस्कार मंडळी. आमच्या मंडळातर्फे दिवाळीनंतर दोन शनिवार-रविवार असं चार दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचं ठरतंय. बारा जण आहेत: चार कडिये (गवंडी), तीन प्लंबर, दोन सुतार, एक इलेक्ट्रिशियन आणि दोन ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं स्वतःला जमावीत म्हणून रुग्णांना मदत करणारे). काम मुख्यतः दांडिया बाजार-रावपुऱ्याकडची जुनी घरं आणि नव्या भागातले दोन-तीन खोल्यांचे फ्लॅट अशा दोन टोकांचं.

अमेरिकेतल्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेचा, एनएएचबीचा, ‘एजिंग इन प्लेस’ अभ्यासक्रम (कॅप्स) माहीत आहे. तोच भाषांतर करून शिकवावा का? सरावासाठी काय उभारावं लागेल? आणि शेवटी प्रमाणपत्र कशावर द्यावं? लेखी परीक्षेत अर्धे कडिये अडकतील, पण हात उत्तम चालतात.

ओळंबा

कॅप्सची मांडणी वाचायला चांगली आहे, विशेषतः गिऱ्हाइकाशी कसं बोलावं तो भाग. पण तिकडची घरं लाकडी सांगाड्याची. धरून उठण्या-बसण्याचा दांडा (ग्रॅब बार) बसवायचा म्हणजे भिंतीतला लाकडी खांब शोधायचा आणि त्यात स्क्रू घालायचा. आपल्याकडे भिंतीत खांबच नाही, त्यामुळे सगळ्यात महत्त्वाचा धडा तिथे मिळणार नाही. आपल्या मापांसाठी केंद्र सरकारच्या 2021च्या सार्वत्रिक सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचना घ्या, फुकट मिळतात. त्या मुख्यतः सार्वजनिक इमारतींसाठी लिहिल्यात हे मात्र पहिल्याच तासाला सांगा, नाहीतर साडेसहा बाय चार फुटांच्या न्हाणीत दीड मीटर व्यासाची वळण्याची जागा शोधत बसतील.

सराव म्हणजे भिंत. चार तुकडे उभारा, प्रत्येकी साधारण पाच फूट रुंद, पाच फूट उंच: 9 इंची वीटकाम, साडेचार इंची वीटकाम, एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) आणि चौथा 9 इंचीच, पण टाइल मुद्दाम पोकळ लावलेली. प्रशिक्षणाआधी तीन आठवडे बांधा. ओलं प्लास्टर ड्रिलखाली चुरा होतं आणि मग चूक भिंतीची की हाताची हे कळत नाही.

आता दांडा का निखळतो ते. पाकिटात दांड्याबरोबर येणारा स्क्रू दीड इंचाच्या आसपास असतो. टाइल 8 मिमी, मागचा मसाला 15 ते 20, प्लास्टर 12 ते 15. बेरीज करा, साधारण 40 मिमी. म्हणजे स्क्रू विटेपर्यंत पोचलेलाच नसतो, मसाल्यात उभा असतो. बसवल्या दिवशी घट्ट वाटतो, टॉवेल टांगला तर वर्षानुवर्षं टिकतो, माणसाचं वजन आलं की टाइलसकट हातात येतो. हे सांगून पटत नाही. चौथ्या भिंतीवर पाकिटातल्या स्क्रूने एक दांडा बसवून सगळ्यांसमोर ओढून काढा.

भरीव विटेत किमान 50 मिमी शिरेल असा स्क्रू हवा, म्हणजे एकूण लांबी 90 ते 100 मिमी, स्टेनलेस 304, त्याच लांबीचा नायलॉन प्लग. टाइल काचेसाठीच्या बिटने, ड्रिलचा ठोका (हॅमर) बंद ठेवून पार करायची. वीट लागली की मगच ठोका चालू. उलटं केलं तर टाइलला केसासारखी चीर जाते, ती आज दिसत नाही, पाणी मुरलं की दिसते.

साडेचार इंची भिंतीत प्लगवर भरवसा नको. आरपार बोल्ट आणि पलीकडे 6 मिमीची स्टील पट्टी. पलीकडे स्वयंपाकघर किंवा शेजारी असेल तर आधी विचारा, हेही शिकवण्यातच येतं. एएसीला साधा प्लग ब्लॉकचं पीठ करतो. तिथे एएसीसाठीचा अँकर किंवा केमिकल अँकर (भोकात घट्ट होणारं रसायन भरून त्यात बोल्ट बसवायचा). नवीन बांधकाम असेल तर दांड्याच्या जागी ब्लॉकऐवजी काँक्रीटचा तुकडा आधीच भरून घ्यावा, दहा मिनिटांचं काम आहे.

केमिकल अँकरमध्ये चूक एकच असते: धूळ. भोक फुंका, ब्रशने घासा, पुन्हा फुंका, असं दोनदा. धूळ राहिली की रसायन धुळीला चिकटतं, भिंतीला नाही. नळीतून येणारा पहिला वीतभर माल टाकून द्या, रंग एकसारखा झाला की मगच भोकात. आणि वडोदऱ्याच्या मे महिन्यात तो थोड्याच मिनिटांत घट्ट होतो, तेव्हा सहा भोकं एकदम भरायला जाऊ नये. पोकळ विटेत जाळीची बाही लागतेच.

व्हॅक्यूमने चिकटणाऱ्या दांड्यांबद्दल एक ओळ: शिकवू नका, सुचवू नका.

हाताचा_आधार

ओळंबादादांचं भिंतीचं सगळं मान्य, पण क्रम उलटा ठेवा. पहिला दिवस ड्रिल बाहेर काढूच नका. दांडा पक्का बसलाय, पण लकवा झालेल्या हाताच्या बाजूला, अशी कामं सर्रास दिसतात. कारागिराला तिथे मोकळी भिंत दिसली म्हणून तिथे बसवला. अशा दांड्याला काय करायचं?

थेरपिस्ट आणि कारागीर यांच्या जोड्या करा. तुमच्याकडे थेरपिस्ट दोनच आहेत, म्हणजे सहा-सहाचे दोन गट, आणि घरी जाऊन मोजताना प्रत्येक गटात एक थेरपिस्ट. माणसाला कमोडवर बसायला-उठायला, उंबरठा ओलांडायला, पलंगावरून उतरायला सांगायचं आणि काही न बोलता पाहायचं. हात कुठे जातो? नळावर, दाराच्या कडीवर, वॉशबेसिनच्या कडेवर. हात जिथे आपोआप जातो तिथे पेन्सिलची खूण. दांडा तिथेच किंवा तिथून जवळ जिथे भिंत धरेल तिथे.

मापं मोजून घ्यायची, विचारून नव्हे. गुडघ्यामागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंत (न्हाणीत चप्पल घालत असतील तर चपलेसकट) जी उंची येते, बैठक साधारण तेवढी. मांड्यांत जोर नसेल तर इंच-दोन इंच जास्त. फार उंच केली तर पाय लोंबतात, तोल जातो आणि शौचाला जोरही लावता येत नाही. सरकारी मापात 450 ते 480 मिमी आहे. पाच फुटांच्या आत उंची असलेल्या आजींना ते जास्त होतं. बाजारातला साधा कमोड 400च्या आसपास असतो आणि त्यांना तोच बरा पडतो.

आडवा दांडा बैठकीपासून 8 ते 10 इंच वर, उभा दांडा कमोडच्या पुढच्या कडेच्या 6 ते 10 इंच पुढे. उठताना माणूस वर नाही, आधी पुढे जातो. उभा दांडा मागे बसवला की उठताना पाठीमागे ओढ बसते. ही सुरुवातीची मापं आहेत, शेवटची पेन्सिल माणसाच्या हाताची.

ओळंबा

ताई, पटतं, पण कडियाला एक ठरलेली उंची हाताशी हवी. ‘माणूस पाहून ठरवा’ एवढंच सांगितलं तर तो स्वतःच्या खांद्याच्या उंचीवर बसवतो.

हाताचा_आधार

म्हणूनच कागदावर दोन रकाने ठेवा: ठरलेलं माप आणि प्रत्यक्ष घेतलेलं माप. दुसरा रकाना रिकामा असेल तर काम सुरू करायचं नाही. कागद गुजरातीत आणि चित्रांचा करा, फूट-इंच-सुतात. मिलिमीटर थेरपिस्टला चालतात, कडियाला नाही.

आणखी एक. पांढऱ्या टाइलवर चकचकीत स्टीलचा दांडा मोतीबिंदू असलेल्याला दिसत नाही. रंगीत घ्या. पाइप 32 ते 40 मिमी जाडीचा, भिंतीपासून फट दीड इंच, फार तर दोन. फट त्याहून मोठी असली तर घसरताना हात कोपरापर्यंत आत जाऊन अडकतो.

बाबाजीपुरा_ओटा

दोघांचे आभार. पहिला दिवस मोजमापाचा, हे पक्कं. आता जुन्या घरांचं. तीन पायऱ्यांचा ओटा, समोर लगेच गल्ली. आणि देशी संडास. प्लंबर मंडळी थेट ‘फोडून कमोड बसवू’ म्हणतात.

तोटी_आणि_ट्रॅप

रॅम्पचा हिशोब कडियाला एका वाक्यात समजतो: इंचाला फूट. एक इंच चढायला एक फूट लांबी. तीन पायऱ्या म्हणजे 18 इंच धरले तर 18 फूट रॅम्प, शिवाय वर-खाली प्रत्येकी पाच फूट सपाट जागा. गल्लीत ते होत नाही. मग लोक सहा फुटांत उतार काढतात. तो रॅम्प नाही, घसरगुंडी आहे. खुर्ची चढवणारा मुलगाही घसरतो. तिथे चाकाच्या खुर्चीचा विचार बाजूला ठेवून चालू शकणाऱ्यांसाठी अर्ध्या पायऱ्या करा: 6 इंचाच्या जागी 3 इंच चढ, पाय ठेवायला किमान 12 इंच, दोन्ही बाजूंना कठडा, आणि कठडा पायऱ्या संपल्यावर फूटभर पुढे गेलेला. पायरीच्या कडेला दोन इंची वेगळ्या रंगाचा पट्टा. विजेवर चालणारं उचलयंत्र बसवायचं म्हटलं तर विश्वामित्रीचं पाणी शिरणाऱ्या भागात मोटर खाली असलेलं घेऊ नये.

देशी संडास फोडण्याआधी दोन गोष्टी बघायला शिकवा. ट्रॅप (पॅनखालचा पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप) जमिनीतून जातो की भिंतीतून, आणि त्याच्या मध्यापासून मागच्या भिंतीपर्यंत अंतर किती. जमिनीतून जाणारे कमोड ठरावीक अंतरांत मिळतात, साधारण 4, 9 आणि 12 इंच. टाइलच्या तयार पृष्ठभागापासून मोजायचं. कच्च्या भिंतीपासून मोजलं की कमोड इंचभर बसत नाही आणि प्लंबर वाकडा जोड घालतो, तिथेच पुढे तुंबतं. वरच्या मजल्यावर फोडलं की वॉटरप्रूफिंग फुटलं समजा. खालच्या घरात ओल उतरते आणि भांडण वेगळं. पूर्ण तळ उघडून नव्याने करायची तयारी नसेल तर फोडू नये.

भाड्याच्या घरात कमोड खुर्ची पॅनवर ठेवायची. इथे फसतं ते असं: जुन्या घरात पॅन चौथऱ्यावर असतो, चौथरा अरुंद. खुर्चीचे पाय 18 ते 20 इंच अंतरावर, एक पाय चौथऱ्याच्या कडेवर अधांतरी. चौथऱ्याची रुंदी मोजल्याशिवाय खुर्ची विकत आणायची नाही. चौथरा कमी पडला तर बाजूला वीट-सिमेंटचा त्याच पातळीचा पट्टा वाढवता येतो, अर्ध्या दिवसाचं काम.

फरशीबद्दल: पॉलिश केलेला कोटा (फरशीचा दगड) ओला झाला की भयंकर. पूर्ण बदलायची गरज नाही, न्हाणीपुरता खरबरीत कोटा किंवा अँटी-स्किड टाइल. उतार मीटरला 12 ते 15 मिमी पुरे. जास्त दिला की स्टूल डुगडुगतं. उंबरठा काढला तर पाणी बाहेर येणारच, म्हणून दाराशी लांबट जाळीचं गटर घ्यावं लागतं. हे न सांगता उंबरठा तोडणारे पुष्कळ आहेत.

दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत पडलेला माणूस आत उघडणारं दार अडवतो. कडी बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी.

बाबाजीपुरा_ओटा

विजेचं कोणी सांगेल का? आणि परीक्षेचं राहिलं.

ओळंबा

विजेला दोन तास पुरेत. न्हाणीच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच), त्याचं टेस्ट बटण दाबून दाखवणं सक्तीचं. पलंगाशी टू-वे स्विच, संडासच्या वाटेवर सेन्सरचा दिवा, सॉकेट जमिनीपासून दीड फूट वर. बस.

परीक्षा हाताची घ्या. अमेरिकी नियमांत दांड्याने 250 पौंड, म्हणजे सुमारे 113 किलो सोसावेत. सिमेंटच्या दोन गोण्या म्हणजे 100 किलो, तिसरी अर्धी भरून घ्या. पण गोण्या फक्त खाली ओढतात आणि दांडा निघतो तो बाहेरच्या ओढीने, म्हणून गोण्या उतरवल्यावर परीक्षकाने दोन्ही हातांनी मागे रेलून ओढायचा. आधी आणि नंतर फ्लँजखाली (दांड्याच्या टोकाच्या, भिंतीला टेकणाऱ्या चकतीखाली) व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघा. आधी जात नव्हतं आणि नंतर गेलं, तर नापास. प्रत्येकाला दोन भिंती द्या, त्यातली एक कोणती ते त्याला सांगू नका. ठोकून, आवाज ऐकून भिंत कसली आहे हे त्याने स्वतः सांगितलं पाहिजे.

हाताचा_आधार

थेरपिस्टनाही तीच परीक्षा. ड्रिल त्यांनी नाही चालवलं तरी चालेल, पण ‘या भिंतीत नाही बसणार, जागा बदला’ असं कडिया म्हणाला तर ते खरं की टाळाटाळ, हे त्यांना कळायला हवं. आणि प्रमाणपत्र चौथ्या दिवशी देऊ नका. प्रत्येक गटाने एका खऱ्या घरात काम करावं, सहा आठवड्यांनी जाऊन कार्ड पुन्हा सरकवून बघावं, आणि दांडा खरोखर वापरात आहे की त्यावर पंचे वाळत घातलेत तेही पाहावं. मग द्या.

बाबाजीपुरा_ओटा

हे जमेल. भिंती बांधायला मंडळाच्या मागच्या अंगणात जागा आहे. मापांच्या कागदाचा पहिला मसुदा या आठवड्यात इथेच टाकतो, ताई-दादा, तेवढा तपासून द्या. सुतारांसाठी पलंग आणि खुर्च्यांची उंची वाढवण्याचं अजून कोणी लिहिलं नाही, त्यावर कोणाकडे काही असेल तर जरूर लिहा.