मदत हवी आहे: डिझेल इंजिन बसवलेली सीजे-३बी, ५.३८ ठेवू की ४.२७ करू?

नमस्कार मंडळी,

बाबांची सीजे-३बी जीप आहे. जुन्या पेट्रोल इंजिनाच्या, म्हणजे २१९९ सीसी हरिकेनच्या ब्लॉकला तडा गेला, म्हणून दिवाळीनंतर त्याजागी महिंद्राचं २५२३ सीसीचं डीआय डिझेल बसवलं. आरसी बुकावर इंजिनबदल चढवून घेतलाय. गिअरबॉक्स जुनाच, तीन गिअरचा टी-९०, मागे डाना १८ ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा). अडलंय ते क्राऊन-पिनियनपाशी, म्हणजे ॲक्सलमधल्या शेवटच्या दातेरी चाकांच्या जोडापाशी. त्याचा आकडा ५.३८ म्हणजे चाकांच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्ट ५.३८ वेळा फिरतो.

मागचं एक चाक जॅकवर घेतलं, दुसरं जमिनीवरच ठेवलं. टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूच्या रेघा मारल्या. एक चाक अडलेलं असताना दुसऱ्याच्या दोन फेऱ्या म्हणजे क्राऊनची एक. टायरच्या दोन फेऱ्यांत शाफ्ट पाच वेळा फिरून वर थोडा पुढे गेला. तरी मन मानेना, म्हणून कव्हर उघडलं. तेल पुसल्यावर क्राऊनच्या कडेला ठोकलेले ४३ आणि ८ हे आकडे दिसले. म्हणजे मूळ ५.३८ चाच जोड.

पेट्रोल इंजिन ४००० आरपीएमपर्यंत ओढायचं, त्याला हा जोड शोभत होता. डीआयची ताकद ३२०० ला संपते. टायर २३५/७५ आर १५ आहेत, एक फेरी सव्वादोन मीटर धरली तर टॉपमध्ये ३२०० म्हणजे ताशी जेमतेम ८०. ताशी ६० ला आरपीएम २४०० च्या आसपास. तेच ४.८८ ला २१७०, ४.२७ ला १९००.

आम्ही राहतो कासारवडवलीला, शेत मुरबाडच्या पुढे टोकावड्याकडे. दर आठवड्याला कल्याणमार्गे जाणं-येणं असतं. आई शेजारी बसते, आणि तिला काही विचारायचं तर वेग कमी करावा लागतो, इतकं इंजिन ओरडतं. तिचं वय पाहता मला हे लवकर सोडवायचंय.

पण शेताकडचा शेवटचा दीड किलोमीटर वेगळाच आहे. पावसाळ्यात ओढ्यातून वर चढताना मागे खताची पोती असतात. आज लो रेंजला, म्हणजे ट्रान्सफर केसच्या हळू पण जोरकस टप्प्यात, पहिल्या गिअरमध्ये (२.८ गुणिले २.४६ गुणिले ५.३८, म्हणजे सुमारे ३७) क्लचला हात... पाय म्हणू या, न लावता गाडी निवांत चढते. ८०० आरपीएमला ताशी २.९ किलोमीटर. ४.२७ केलं तर ३७ चे २९ होतात आणि वेग ३.७ वर जातो. निसरड्या चढणीला हा फरक किती जाणवतो, हे अनुभवी लोकांकडून ऐकायचंय.

एका मेकॅनिकने सुचवलं, मागचाच जोड बदला, फोर बाय फोर तुम्ही कधीतरीच लावता. मला ते अजिबात पटलेलं नाही. ज्या दिवशी लावीन, त्या दिवशी पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या हिशोबाने फिरायला बघणार आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर येणार.

जाणकारांनी सांगावं, ४.८८ की ४.२७?

प्रतिसाद

दोन्ही टोकांना ४.२७ करा. ४.८८ मध्ये खर्च पूर्ण, मेहनत पूर्ण, आणि आरपीएम फक्त सव्वादोनशेने उतरतो. तुमच्या गिअरबॉक्सला दुसरा १.५५ आहे आणि त्यानंतर एकदम सरळ टॉप. आज दुसरा गिअर ताशी ५० ला संपतो. ४.२७ केल्यावर तोच ६५ पर्यंत जाईल, म्हणजे घाटात ४५ ने चढताना दुसऱ्यात २२०० आरपीएमवर आरामात राहाल. ओढ्याचं म्हणाल तर डिझेल खालच्या आरपीएमला पेट्रोलपेक्षा चांगलं ओढतं, २९ पुरतील. कस लागेल तो भरल्या गाडीने हाय रेंजमध्ये चढावर उभं राहून निघताना. तिथे क्लच जाळू नका, सरळ लो लावा.

३.७३ च्या मोहात पडू नका. मागचा ॲक्सल डाना ४४ असेल तर ३.७३ ला आतला कॅरिअरही (क्राऊन ज्यावर बसतो तो भाग) बदलावा लागतो, ४.२७ मात्र आहे त्याच कॅरिअरवर बसतो. जुना माल घेणार असाल तर क्राऊन आणि पिनियनवरचा जोडनंबर एकच आहे ना, ते उजेडात नेऊन बघा. बेजोड लावलेला कितीही शिम (पातळ चकत्या) घालून बसवला तरी रडतोच. बसवल्यावर दातांना रंग लावून ठसा बघितल्याशिवाय कव्हर बंद करू देऊ नका.

आणि स्पीडोमीटर ट्रान्सफर केसवरून चालतो. खरा वेग ६० असेल तेव्हा काटा ४८ दाखवेल.

मूळ धागाकर्ता

खूप आभार दादा. काट्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि दुसऱ्या गिअरचा हिशोब तर फारच उपयोगी पडला. मग ४.२७ नक्की. रविवारी पुढचं हाऊसिंग उघडून तिथलेही दात मोजतो आणि फोटो इथेच टाकतो. दोन्ही जोड हातात आल्याशिवाय मागचा काढणार नाही, कारण जून लागला की शेतावर गाडी हवीच.