ताण आणि पीयूषिकेतील रिसेप्टर

ताण लांबला की पीयूषिका ग्रंथीतील (मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतील) सगळेच रिसेप्टर, म्हणजे संप्रेरकांचा संदेश पकडणारे पेशींवरील रेणू, वाढतात, असे एक विधान वाचले. त्यातला ‘सगळेच’ हा शब्द मला खटकला. शास्त्रज्ञ वायली व्हेल यांच्या गटाने १९८१ मध्ये ज्याची रचना उलगडली, ते ४१ अमिनो आम्लांचे सीआरएच हे ताणाचे संप्रेरक हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातून येऊन पीयूषिकेच्या पुढच्या भागातील पेशींवरील रिसेप्टरला चिकटते आणि त्या पेशी एसीटीएच (अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसॉलसारखी ताणाची संप्रेरके सोडायला लावणारे संप्रेरक) सोडतात. प्रयोगशाळेतील मोठ्या उंदरांना (रॅट) रोज काही तास जखडून ठेवले, तर या रिसेप्टरची संख्या उलट घटते, कारण सीआरएचचा मारा सतत चालू राहिला की पेशी आपले रिसेप्टर पृष्ठभागावरून आत ओढून घेते. वाढतात ते व्हॅसोप्रेसिन या दुसऱ्या संप्रेरकाचे पीयूषिकेतील रिसेप्टर, ज्यांना व्ही१बी म्हणतात. (हे व्हॅसोप्रेसिन म्हणजे मूत्रपिंडात पाणी राखणारेच संप्रेरक.) त्यामुळे सीआरएचची धार बोथट झाली तरी नवा ताण येताच एसीटीएच पुन्हा उसळू शकते. मात्र तशाच उंदरांना दीर्घकाळ खारट पाण्यावर ठेवले (हाही एक ताणच), तर व्ही१बीसुद्धा कमी होतात. म्हणजे ताण किती दिवसांचा, याइतकेच तो कोणत्या प्रकारचा, हेही पाहावे लागते.