वेळ लिहायची तर २४ तासांतच लिहावी

निशाचर: गेल्या आठवड्यात आईला पहाटेच्या विमानाला सोडायचं होतं. मोबाइलवर ४:१५चा गजर लावून झोपलो. गजर वाजलाच नाही. आईला आपसूक जाग आली म्हणून निभावलं. नंतर पाहतो तर ४:१५च्या पुढे बारीक अक्षरांत 'पीएम'. दोन अक्षरांवर बारा तासांचा फरक लटकत ठेवायचा कशाला? १६:१५ दिसलं असतं तर डोळ्यांत झोप असूनही कळलं असतं. तिकीट, गजर, सूचना, जे जे लिहायचं ते २४ तासांतच लिहावं, असं माझं ठाम मत आहे.

रूळमार्ग: +१. सँडफर्ड फ्लेमिंग या इंजिनिअरची १८७६ साली आयर्लंडमध्ये अशीच गाडी चुकली. वेळापत्रकात सकाळऐवजी संध्याकाळची वेळ छापली होती. पुढे त्यांनी २४ तासांची मोजणी आणि जगभराची प्रमाणवेळ यांचा पाठपुरावा केला. १८८६मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने ही मोजणी स्वीकारलीसुद्धा.

साडेसहा: असहमत. आपण वेळ कशी सांगतो ते आठवा: दीड, अडीच, सव्वाचार, पावणेसहा. आता म्हणून बघा, 'साडेअठराला ये', 'पावणेबावीसला निघू'. जीभच वळत नाही. शिवाय आपल्याकडे पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे सरळ शब्द आहेत. 'पहाटे सव्वाचार' म्हटल्यावर कोणाचा गोंधळ होईल? तुमची तक्रार एएम-पीएमबद्दल आहे, बारा तासांबद्दल नाही.

निशाचर: बोलताना पावणेसहाच म्हणा, मीही तेच म्हणतो. माझा आग्रह लिहिण्यापुरता आहे. आणि १२ पीएमचं काय? पीएम म्हणजे माध्यान्हानंतर. भर दुपारचे बारा हे माध्यान्हाच्या आधीही नाहीत आणि नंतरही नाहीत. १२:००चा गजर लावताना मी आजही दोनदा तपासतो. १२:०० आणि ००:०० लिहिलं की प्रश्नच मिटतो.

साडेसहा: तबकडीचं काय करणार? २४ आकड्यांच्या तबकडीवर तासकाटा तासाला जेमतेम १५ अंश सरकतो, नेहमीच्या घड्याळात ३०. लांबून नजर टाकून वेळ कळायला ती मोकळी जागा लागते. टोल्यांचंही तेच. चोवीसपर्यंत ठोके द्यायचे तर दिवसाला ३०० होतात, बाराच्या हिशेबाने १५६. रात्री अकराला तेवीस ठोके कोण मोजत बसेल? माणसाला पेलतील असे आकडे ठेवण्यात शहाणपण होतं.

रात्रपाळी: मी नर्स आहे. वॉर्डात सगळ्या नोंदी २४ तासांत असतात आणि तशाच हव्यात. औषधाच्या तक्त्यावर नुसतं '८' लिहिलेलं मला चालत नाही. पण निशाचर, ००:००ने प्रश्न मिटतो हे मला पटत नाही. ऑपरेशनच्या आधी पेशंटला सांगतात, 'मंगळवारी रात्री बारानंतर काही खायचं नाही.' घरच्यांच्या मनात तो मंगळवार संपतानाचा बारा असतो. तेच 'मंगळवार ००:००' असं लिहिलं तर ती सोमवारची रात्र झाली, अख्ख्या दिवसाचा फरक! तिकिटावर १५ तारीख, ००:१० असेल तर १४ तारखेच्या रात्रीच घरातून निघायला हवं. लोक १५च्या रात्री पोचतात आणि गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. घड्याळ चोवीसचं असो की बाराचं, दिवस मध्यरात्री बदलतो आणि माणसाची रात्र झोपेतून उठेपर्यंत चालते. म्हणून मी पेशंटला बारा वाजता असं सांगतच नाही. 'मंगळवारचं रात्रीचं जेवण झालं, की त्यानंतर काही खायचं नाही' असं सांगते. खाली रजिस्टरात मात्र २४ तासांत वेळ आणि तारीख, दोन्ही लिहिते.

निशाचर: तारखेचा मुद्दा मान्य. मध्यरात्रीच्या वेळेपुढे 'सोमवार-मंगळवारची रात्र' असं दोन्ही वारांनी लिहायला हवं. हे माझ्या डोक्यात नव्हतं. गजर मात्र मी चोवीसवर टाकला तो टाकला.

साडेसहा: रजिस्टराला, तिकिटाला माझी हरकत नाही. पण '१८:३०ला भेटू' असा निरोप आला की मला अजून मनात बारा वजा करावे लागतात.

रूळमार्ग: बारा कशाला वजा करता? १३ ते १९पर्यंत शेवटच्या आकड्यातून दोन काढा: १५चे ३, १८चे ६. पुढे २२ म्हणजे १० एवढं डोक्यात ठेवा, अलीकडचे-पलीकडचे आपोआप येतात.