मुलांसाठी भाड्याचं वाद्य: तुमचा अनुभव काय?

जून आला की शाळेच्या वह्या-पुस्तकांबरोबर गाण्याच्या, तबल्याच्या क्लासची चौकशी सुरू होते. मग प्रश्न येतो, वाद्य विकत घ्यावं की भाड्याने? बोलणं बहुतेक पैशांवरच अडतं. घरी आलेलं वाद्य सुरात आहे का, हे कुणी विचारत नाही. बेसूर पेटीवर रोज रियाज केला तर लेकराचा कान कसा तयार होणार? सोलापूरकरांनो, ज्यांनी भाड्याचं वाद्य घरात वापरलंय, त्यांनी वर आपल्या भागाचं नाव घालून मोकळेपणानं लिहा. सुरुवात मी करते.

सात रस्ता
लेकीसाठी पेटी भाड्यानं आणली. दुकानात तिच्या बाई सोबत होत्या. त्यांनी आधी सगळी बटणं बंद करून भाता भरला आणि हवा किती वेळ टिकते ते बघितलं. मग बटणं उघडून, एकाही पट्टीला हात न लावता भाता हलवला. पहिल्या पेटीत एक सूर आपोआप गुणगुणायला लागला, म्हणजे पट्टीखालून हवा गळत होती. ती बाजूला. दुसरी निवडल्यावर त्यांनी मंद्रापासून तारापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकापासून वरच्यापर्यंत, एकेक सूर दाबून ऐकला. दुकानदार कंटाळला, पण बाई हलल्या नाहीत. त्याच पेटीवर लेक गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला बसली.

जुळे सोलापूर
आमच्याकडे तबला-डग्गा. भाडं ठरवताना एक गोष्ट कागदावर लिहून घ्या: पुडी, म्हणजे वरचं चामडं, फुटली तर खर्च कुणाचा? आम्ही लिहून घेतलं होतं, म्हणून नंतर वाद झाला नाही. दुसरं म्हणजे आपलं हवामान. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, चामडं ताणतं आणि तबला चढतो. पावसाळ्यात उलटं, आवाज उतरतो. वादीखालचे लाकडी गठ्ठे वर-खाली करून तबला लावायला गुरुजींनी मुलाला लवकरच शिकवलं. गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, हातोडी मारताना तो कान अगदी मधल्या काळ्या शाईजवळ नेतो. हातोडी वाद्याबरोबर मागून घ्या. गादी, चुंबळ आणि झाकायचं कापडसुद्धा.

होटगी रोड
व्हायोलिन असेल तर भाड्यानंच घ्या, हे मी ठामपणे सांगते. पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण अशी मापं असतात आणि मूल वाढलं की माप बदलतं. हात सरळ लांब करायचा, व्हायोलिनचं टोक तळहातात आलं आणि बोटं त्याभोवती सहज वळली, तर माप बरोबर. सोलापुरात अर्धं माप मिळेना, म्हणून हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाऊन आणलं. घरी आल्यावर सरांनी तारा सा-पला लावून दिल्या. गजाचे केस आणि त्यांना लावायची राळ बघून घ्या. आम्हाला मिळालेल्या गजाचे केस विरळ झाले होते, ते दुकानातूनच बदलून घेतले.

दमाणी नगर
कीबोर्ड. एकसष्ट पट्ट्यांचा, अडॅप्टरसकट. तक्रार नाही.

विजापूर रोड
सतारीचं सांगते. भाड्यानं द्यायला लोक कचरतात, कारण खालचा भोपळा. एकदा आपटला की तडा जातो. मिरजेच्या सतारींना आणि तंबोऱ्यांना लागणारे हे भोपळे आपल्याच जिल्ह्यात, पंढरपूरच्या बाजूला पिकतात, हे कळल्यावर मुलगी सतार जास्तच जपायला लागली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आम्हाला शेवटी तिला शिकवणाऱ्या ताईंनीच आपली जुनी, लहान मापाची सतार वापरायला दिली. डिपॉझिट नाही, फक्त तारांचा खर्च आमचा. असं कुणी देत असेल तर दुकानाच्या वाटेला जाऊच नका.

शेळगी
नातू पखवाज शिकतो. आषाढी जवळ आली की पखवाज भाड्यानं मिळणं मुश्कील, भजनी मंडळं आधीच नेतात. म्हणून चैत्रातच सांगून ठेवावं. धुमेला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, लावलेली कणीक वाजवून झालं की लगेच काढायची, नाहीतर वाळून चामडं खराब होतं आणि उंदरांची भीती वेगळीच. नातू आता स्वतः कणीक मळतो, नेमकी किती सैल हवी ते त्याला बोटांनी कळतं. शेजारचे विचारतात, "काय वाजवालाय वो पोरगं एवढं?" मला फार बरं वाटतं.

सात रस्ता
सगळ्यांचे आभार. अर्ध्या मापाचं व्हायोलिन सोलापुरातच कुणाच्या घरी पडून असेल, तर भाड्यानं देणार का? क्लासमधल्या दोघींना हवंय.