पोटातल्या बाळाच्या मांडीवरील रक्तवाहिन्यांची गाठ: ती आपोआप विरते का?

प्रश्न
माझ्या बहिणीच्या आठव्या महिन्यातील सोनोग्राफीत बाळाच्या मांडीवर गाठ दिसली असून डॉप्लर तपासणीत तिच्यातून रक्त वेगाने वाहत असल्याचे आढळले. डॉक्टरांच्या मते हा जन्मजात हेमँजिओमा (रक्तवाहिन्यांची गाठ) असावा आणि तो बहुधा आपोआप ओसरेल. माझ्या वाचनात मात्र असे आले की हेमँजिओमा जन्मानंतर आधी वाढतो. मग खरे काय?

प्रतिसाद १
दोन्ही खरे आहे, कारण नाव सारखे असले तरी हे विकार वेगळे आहेत. आपण वाचलेला शिशुवयातील हेमँजिओमा जन्मानंतर काही आठवड्यांत उमटतो, पहिले काही महिने झपाट्याने वाढतो आणि पुढे काही वर्षांत ओसरतो. जन्मजात हेमँजिओमाची वाढ गर्भातच पूर्ण झालेली असते, म्हणूनच तो सोनोग्राफीत दिसू शकतो. त्यातील लवकर विरणारा प्रकार, ज्याला डॉक्टर ‘रिच’ म्हणतात, जन्मानंतर लगेच आकसू लागतो आणि साधारण ६ ते १४ महिन्यांत सपाट होतो. दुसरा प्रकार, ‘निच’, विरत नाही, तर मुलाबरोबर वाढतो. आणि काही गाठी अर्ध्यावर आकसून तशाच राहतात. यांपैकी कोणता प्रकार आहे, हे बहुतेक वेळा जन्मानंतरच्या निरीक्षणातूनच ठरते.

प्रतिसाद २
वरील माहिती योग्य आहे, पण ‘आपोआप विरते’ याचा अर्थ ‘लक्ष ठेवावे लागत नाही’ असा कोणी घेऊ नये. गाठ मोठी असल्यास तिच्यातून वाहणाऱ्या रक्तामुळे बाळाच्या हृदयावर ताण येऊ शकतो, म्हणून प्रसूतीपूर्वीही हृदयाची तपासणी करतात. जन्मानंतर प्लेटलेट काही काळ कमी होऊ शकतात, आणि मध्यभागी व्रण पडला तर रक्तस्राव होऊ शकतो. गाठ आकसण्याऐवजी वाढू लागली, तर निदानाचाच फेरविचार करावा लागतो, कारण काही दुर्मीळ कर्करोगाच्या गाठीही सुरुवातीला अशाच दिसतात. तेव्हा बायॉप्सी टाळू नये.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. प्रोप्रॅनोलॉल या औषधाचा येथे उपयोग होतो का?

प्रतिसाद १
नाही. २००८ पासून ते शिशुवयातील प्रकारासाठी वापरात आले, परंतु जन्मजात गाठीवर त्याचा परिणाम होत नाही. शिवाय ‘रिच’ विरल्यावर त्या जागी खोलगटपणा किंवा सैल त्वचा राहू शकते, हे बहिणीला आधीच सांगून ठेवा.