कुद्रेमुखचा नळ: डोंगरातलं खनिज असंच उतरवावं का?

घाटमाथा: कर्नाटकातल्या कुद्रेमुखची लोहखनिजाची खाण २००५च्या ३१ डिसेंबरला बंद झाली. ते योग्यच झालं. पण तिथली वाहतूक मला आजही आदर्श वाटते. खनिज डोंगरावरच दळायचं, चुंबकाने लोह वेगळं काढायचं आणि ती भुकटी पाण्यात कालवून ६७ किलोमीटर नळातून थेट मंगळूरच्या बंदराकडे सोडायची. घाटात ट्रकांची रांग नाही, धूळ नाही. सह्याद्रीतल्या प्रत्येक खाणीला हीच अट हवी.

भद्राकाठ: अजिबात पटलं नाही. या डोंगरात खनिज आहे हे संपत अय्यंगार यांनी १९१३मध्येच दाखवलं होतं. तरी साठेक वर्षं कोणी हात लावला नाही, कारण हलक्या प्रतीचं खनिज एवढ्या अडचणीच्या घाटातून उतरवणं परवडणारं नव्हतं. नळामुळे ते परवडायला लागलं, म्हणजे डोंगर फोडला तो नळानेच! शिवाय नळातून गेलं ते फक्त कामाचं. उरलेला गाळ लक्या धरणामागे अजून पडून आहे. तुंगा, भद्रा, नेत्रावती याच डोंगररांगेत उगम पावतात. पावसात खाणीची माती भद्रेत उतरते, हा वन्यजीव कार्यकर्ते के. एम. चिनप्पा यांच्या सर्वोच्च न्यायालयातल्या अर्जातला मोठा मुद्दा होता, आणि २००२मध्ये त्या न्यायालयाने खाण थांबवायला सांगितलं.

कुळागर: मी गोव्यातल्या कुडचड्याचा. खनिजाचे ट्रक दारावरून जायचे, वाळत घातलेले कपडे संध्याकाळी लाल व्हायचे. नळ असता तर आई खोकली नसती, असं मला आजही वाटतं. पण ट्रक आमच्याच लोकांचे होते, कर्ज काढून घेतलेले. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ लीज, म्हणजे खाणींचे भाडेपट्टे, रद्द केल्या तेव्हा कित्येक घरांचे हप्ते थकले. नळ टाकला असता तर हा पैसा गावात आलाच नसता. दोन्ही बाजू मी घरात पाहिल्यात.

घाटमाथा: भद्राकाठ, तुमचा पहिला मुद्दा मला सुचलाच नव्हता, आणि तो खरा आहे. त्यात भर घालतो: हा प्रकल्प इराणसाठी, तिथल्या शहाच्या (राजाच्या) सरकारने दिलेल्या कर्जावर उभा राहिला. १९७९मध्ये तिथे क्रांती झाली, गिऱ्हाईक गेलं. पण यंत्रं आणि नळ तयार होते, म्हणून १९८०पासून दुसरी गिऱ्हाइकं शोधून खाण चालवलीच. तरीही जिथे खाण आधीच चालू आहे, तिथे कुळागर यांच्या आईसाठी तरी नळ हवा, यावर मी ठाम आहे.

भद्राकाठ: चालू असलेल्या खाणीपुरतं मान्य. नव्या डोंगराला नाही.