तोरा : ‘नियमशास्त्र’ की ‘शिकवण’?

प्रश्न : नववीच्या मुलांसाठी यहुदी धर्मावर मराठीत पाठ लिहितेय. मांडणी प्रोग्रेसिव्ह ज्यूंच्या, म्हणजे काळानुसार धर्माचा नव्याने अर्थ लावणाऱ्या यहुदी पंथाच्या, दृष्टीने करायची आहे. ‘तोरा’ला, म्हणजे यहुद्यांच्या मूळ धर्मग्रंथाला, ‘नियमशास्त्र’ म्हणू का? आणि ‘प्रोग्रेसिव्ह’ला ‘पुरोगामी’ चालेल?

प्रतिसाद १ : ‘नियमशास्त्र’ नको, ही कळकळीची विनंती. हा शब्द आपल्या ओळखीचा झाला तो मराठी बायबलमुळे. ग्रीक भाषांतरकारांनी ‘तोरा’साठी ‘नोमोस’ म्हणजे कायदा हा शब्द घेतला, तीच छटा त्यात आहे. हिब्रूत ‘तोरा’ आणि ‘मोरे’ (शिक्षक) हे शब्द एकाच धातूचे मानले जातात. ‘शिकवण’ म्हटलं की हे नातं दिसतं. प्रोग्रेसिव्ह परंपरेत तर प्रत्येक पिढीने तोरा नव्याने अभ्यासायची असते. कायदा असा दर पिढीला कुणी नव्याने उघडून बसत नाही, शिकवण उघडून बसतात.

प्रतिसाद २ : ‘शिकवण’ मान्य, पण त्या नादात ‘मित्झवा’चं वजन घालवू नका. तिचा अर्थ आज्ञाच. परंपरेने ६१३ मोजल्यात. काही जण ‘पुण्य’ लिहितात, ते साफ चूक. पुण्य गाठीशी बांधतात, मित्झवा पाळतात. प्रोग्रेसिव्ह ज्यू यातल्या नैतिक आज्ञा अटळ मानतात आणि विधींच्या बाबतीत अभ्यास करून, विचारपूर्वक निवड करतात. हे मुलांना सरळ सांगा, शब्द मात्र ‘आज्ञा’च ठेवा.

प्रतिसाद ३ : आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, मूळचे अलिबागकडचे. आजी सिनेगॉगला (यहुद्यांच्या प्रार्थनास्थळाला) ‘मशीद’च म्हणायची. ‘पुरोगामी’बद्दल : मराठीत त्याला राजकारणाचा वास लागलाय, तरी मी तोच ठेवीन. ईश्वराचं प्रकटन सिनाय पर्वतावर, जिथे मोशेला तोरा मिळाली असं मानतात, तिथे संपलं नाही, ते पुढे चालू आहे, असं हा पंथ मानतो आणि ‘पुरोगामी’त ते ‘पुढे’ आहे. ‘सुधारणावादी’ म्हटलं की जुनं बिघडलं होतं असं वाटतं. पाठात डॉ. जेरुशा झिराड यांचं नाव जरूर घ्या. लंडनला शिकलेल्या या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी १९२५ साली मुंबईत ज्यूइश रिलिजियस युनियन ही प्रोग्रेसिव्ह ज्यूंची संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. मुलींना हे कळू दे.

प्रश्नकर्ती : ‘शिकवण’, ‘आज्ञा’, ‘पुरोगामी’ ठरलं. आजींचा ‘मशीद’ही घेते, सिनेगॉगच्या शेजारी.